औषध तयार, डॉक्टर तयार... पेशंट कुठाय?

लुई लझान्या हे अमेरिकेतले मोठे औषधशास्त्रज्ञ. डॉक्टरांनी घ्यायच्या शपथेचा आधुनिक मसुदा त्यांनी १९६४ साली लिहिला. पण क्लिनिकल ट्रायल करणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव निघतं ते एका टोमण्यामुळं. ट्रायल सुरू झाली रे झाली, की त्या आजाराचे पेशंट एकाएकी दिसेनासे होतात आणि ट्रायल आटोपली की ओपीडीत पुन्हा रांग लागते, असं त्यांचं म्हणणं. याला सगळे 'लझान्याचा नियम' म्हणतात. आपल्याला हसू येतं, पण ज्यानं एकदा ट्रायलचं नियोजन केलंय तो हसत नाही.

त्याच पठडीतले दुसरे गृहस्थ ह्यूगो म्यून्श. डॉक्टरांनी 'एवढे पेशंट देतो' म्हणून जो आकडा सांगितला असेल त्याला किमान दहानं भागा, म्हणजे खऱ्याच्या जवळ याल, हा त्यांचा हिशेब.

पाचशेचे पन्नास

खोटं कुणी बोलत नसतं. समजा, कराडच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात औषध कंपनीचा माणूस आला. 'सर, डायबेटिसचे किती पेशंट मिळतील?' ओपीडी सकाळी नऊपासून तुडुंब भरलेली. पाटणहून, शिराळ्याहून, कडेगावहून माणसं आलेली. डॉक्टर मान वर न करता म्हणतात, 'पाचशे कुठं गेले नाहीत!' आणि मग चाळण लागायला सुरुवात होते. वय अठरा ते पासष्टच हवं, त्यामुळं आजोबा मंडळी बाद. किडनीचा रिपोर्ट जरा वर, बाद. इन्शुलिन चालू, बाद. वैद्यबुवांची पुडी चालू आहे आणि ती सोडायची तयारी नाही, बाद. मुलगा पुण्याला, सून बँकेत, आणायला-न्यायला कोणी नाही, हेही बादच. फक्त तसं प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं. शेवटी हातात पन्नास उरतात आणि म्यून्शसाहेबांचा भाजक बरोबर निघतो.

पण सातारा-सांगलीकडची खरी मेख वेगळी आहे. इकडचा माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हनाल तसं' एवढं बोलून तो अंगठा उमटवायला हात पुढं करतो. कागदावर काय आहे, निम्म्या पेशंटांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसती साखरेची गोळी मिळू शकते, याची त्याला फिकीर नसते. डॉक्टरवर विश्वास असतो, एवढंच. आणि मग अठ्ठाविसाव्या दिवशी तो येत नाही. फोन लावला तर 'रानात हाय' म्हणतो. म्हणून माझं ठाम मत असं, की इथं 'हो' मिळवण्याचं नियोजन करू नये. 'हो' फुकट मिळतो. नियोजन करावं ते माणूस दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कसा येईल याचं.

'तंबाखू? कवाच नाय!'

ट्रायलमध्ये कुणाला घ्यायचं हे ठरवण्यासाठी प्रश्नांची यादी असते. त्यात एक प्रश्न हमखास असतो: तंबाखूचं व्यसन आहे का? कृष्णाकाठच्या एखाद्या साठीच्या बाईला विचारून बघा.

'मावशी, तंबाखू खाता का?'

'या बया! कवाच नाय. आमच्या घरात कुणी हात बी लावत न्हाई.'

'बरं. मिश्री लावता?'

'आता ती लागतीच की. सकाळी उठलं की लावल्याबिगार चुलीपुढं बसवत न्हाई.'

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. मावशींच्या लेखी ते दात घासणं, त्यामुळं त्या खोटं बोललेल्याच नसतात. मुंबईत किंवा बंगळूरला बसून प्रश्नावली करणाऱ्याला हे माहीत नसलं तर निम्म्या बायकांची उत्तरं चुकीची येतात आणि तोंडाच्या कॅन्सरवरच्या ट्रायलचा पायाच भुसभुशीत होतो. म्हणून इथल्या अनुभवी स्टडी कोऑर्डिनेटरच्या यादीत मिश्री आणि गुटखा हे दोन प्रश्न तंबाखूपासून वेगळे असतात.

ऊस, द्राक्ष, वारी आणि कोइमतूर

प्रोटोकॉल म्हणतो: भेट अठ्ठाविसाव्या दिवशी, फार तर तीन दिवस मागेपुढे. आता हा दिवस आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात टाकून बघा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. ऊस तोडायला बीडकडची कुटुंबं येतात, कोपीत राहतात आणि पट्टा पडला की परत जातात. त्यांच्यातला कुणी डिसेंबरात ट्रायलमध्ये आला, तर एप्रिलातल्या भेटीसाठी त्याला गाठायला थेट शिरूर कासारला जावं लागेल. इथल्या बागायतदारालाही त्या दिवसांत ऊस तुटून जाईपर्यंत दुसरं काही सुचत नाही.

तासगाव, पलूस, कवठे महांकाळ म्हणजे द्राक्षाचा पट्टा. तिथं वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. फळछाटणीनंतर बागेवर औषध मारण्याचा रतीब लागतो. ढग आले की बागायतदार रात्री अकरालाही ट्रॅक्टर काढतो. या माणसाला 'उद्या सकाळी नऊला रक्त द्यायला या' म्हणून बघा. आणि ज्या ट्रायलमध्ये लिव्हरच्या तपासण्या आहेत, तिथं त्याच्या अंगावर रोज उडणारी फवारणीची औषधंही मोजायला हवीत, हे वेगळंच.

आषाढी वारीत माऊलींची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते: लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं आणि त्या दिवशी आसपासच्या गावांतली सगळी गर्दी तिकडंच लोटते. वारीला निघालेला बीपीचा पेशंट तीन आठवडे हाताला लागत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्यानं जून-जुलैत त्याची भेट लावली, त्याचा दोष.

आणि मग गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. कोइमतूर, कोलकाता, अमृतसर, कुठंही सराफ बाजारात जा, आटणी लावून बसलेला माणूस मराठीत बोलेल. मे महिन्यात, गावच्या जत्रेला नाहीतर लग्नाला तो गावी येतो, दुखणं दाखवतो, ट्रायलला 'हो' म्हणतो आणि जूनमध्ये परत जातो. साताऱ्याच्या डोंगरी भागातला गडीमाणूस तसाच मुंबईच्या मार्केटात माथाडीला. घरी म्हातारी माणसं आणि बायका. तरुण पुरुषांची ट्रायल जावळी-पाटणमध्ये लावणाऱ्यानं आधी गावातली बंद दारं मोजावीत.

पेशंटला येण्या-जाण्याचा खर्च देता येतो, बुडालेली मजुरीही देता येते, पण रक्कम एथिक्स कमिटीनं मंजूर करावी लागते. एसटीचं तिकीट आणि दिवसाचा रोज दिला तर ती सोय ठरते. त्याच्या पाचपट दिला तर आमिष. ही रेघ कुठं मारायची यावर कमिटीच्या बैठकीत औषधाच्या दुष्परिणामांपेक्षा जास्त वेळ जाऊ शकतो.

मिरजेला पेशंट चालत येतात

डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल मिरजेत १८९४ साली उभं राहिलं. १८९७ साली त्यांनी वैद्यकीय शाळा काढली, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. रेल्वे जंक्शन असल्यामुळं तेव्हापासून आजतागायत कोकण, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातली माणसं आजार घेऊन मिरजेत उतरतात. ट्रायलवाल्यांना हे फार आवडतं. पण गंमत अशी, की मिरजेच्या ओपीडीत बसलेला पेशंट मिरजेचा असेलच असं नाही; तो अथणीचा असू शकतो. जत तालुक्यातल्या पूर्वेकडच्या गावांत तर घरी कन्नडच बोलतात. मराठीतलं संमतिपत्र पुढं केलं तर बिचारा मान डोलावतो, त्याला कळलेलं काही नसतं. म्हणजे इथं कन्नड संमतिपत्र आधीच मंजूर करून ठेवायला हवं.

खलाशी बारा, पोरं अठरा लाख

पेशंट गोळा करणं सगळ्यात सोपं गेलं ते जेम्स लिंड यांना. २० मे १७४७ रोजी सॅल्सबरी या जहाजावर त्यांनी स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला संत्री-लिंबं. संत्री-लिंबंवाले झटक्यात उठले. जहाजावरून पळून जाणार कुठं, त्यामुळं फॉलोअप शंभर टक्के! संमती वगैरे कुणी विचारली नाही. एवढं करून ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. २० मे हा आता जगभर क्लिनिकल ट्रायल दिन म्हणून पाळतात.

दुसरं टोक म्हणजे १९५४ सालची पोलिओ लशीची अमेरिकेतली ट्रायल. १८ लाख शाळकरी मुलं! त्यांना 'पोलिओ पायोनियर' असा बिल्ला मिळायचा. बिल्ल्यासाठी मुलं काय वाट्टेल ते करतात, हे तेव्हाही खरं होतं.

आपल्या जवळची गोष्ट मात्र मद्रासची. तिथं १९५६ साली क्षयावरची एक ट्रायल सुरू झाली. पेशंट दोनशेच्या आत, सगळे गरीब, दाटीवाटीच्या घरांत राहणारे. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना घरीच गोळ्या दिल्या. वर्षानं निकाल आला: घरचे आणि सॅनेटोरियमवाले जवळपास सारखेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना जास्त लागणही झाली नाही. या पेशंटांकडं कर्मचारी घरी जायचे, गोळ्या घेतल्या की नाही ते तपासायचे. त्या घरभेटी नसत्या तर हा निकाल हाती आलाच नसता. पाचगणीचं बेल-एअर आणि सांगली-मिरजेमधलं वानलेसवाडी ही आपली तेव्हाची नावाजलेली क्षयाची ठिकाणं. थंड हवा, मोकळा व्हरांडा आणि वर्ष-वर्ष मुक्काम, हा जो क्षयाचा थाट होता तो या ट्रायलनं जगभर मोडीत काढला.

एक लाख एकतीस हजार सातशे सेहेचाळीस बायका

आता जो आकडा सांगतो तो नीट वाचा: १,३१,७४६. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वर्षांच्या एवढ्या बायका एका ट्रायलमध्ये होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर हे काम १९९९ च्या अखेरीस हाती घेतलं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकर पकडायला कुठली तपासणी बरी, हा प्रश्न होता.

कमाल नियोजनाची आहे. एकेका बाईची सोडत काढली असती तर एकाच वाड्यातल्या दोन जावांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर बोभाटा झाला असता. म्हणून गावांचे ५२ गट पाडले आणि गटांचीच सोडत काढली. ३४,१२६ बायकांच्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, ३२,०५८ ना पॅप स्मिअर, ३४,०७४ ना व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, आणि ३१,४८८ ना फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. घरोघर जाऊन बायकांची यादी करायची आणि जिला काहीही त्रास होत नाही अशा बाईला 'तपासून घ्या' म्हणून पटवायचं. दुखत नसताना दवाखान्यात जाणं ही आपल्याकडं चैन समजली जाते, त्यामुळं हे सगळ्यात अवघड काम. पुढं आठ वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं. २००९ साली निकाल आला: एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावरून नंतर भरपूर टीका झाली, आणि ती गैरवाजवी म्हणता येणार नाही. पण इतक्या बायका आठ वर्षं हातातून निसटू न देणं हे काम म्हणून अफाटच.

बंद पडलेल्या ट्रायलची कमाल

बार्शीचाच आणखी एक किस्सा. २००९ साली एचपीव्ही लशीची ट्रायल देशात ठिकठिकाणी सुरू झाली. १० ते १८ वर्षांच्या २०,००० अविवाहित मुली घ्यायच्या, निम्म्यांना दोन डोस, निम्म्यांना तीन. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं एचपीव्ही लशीचं सगळंच काम थांबवलं. कारण दुसरीकडचं होतं: खम्मम आणि वडोदऱ्याला एका वेगळ्या प्रकल्पात काही मुली दगावल्या होत्या. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण तिथल्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्याचं उघड झालं आणि संसदेच्या समितीनं खरडपट्टी काढली.

इकडं ट्रायलमध्ये तोवर १७,७२९ मुली आल्या होत्या. त्यातल्या ४,९५० जणींना एकच डोस मिळाला होता आणि पुढचे डोस आता मिळणार नव्हते. नियोजनाचे तीनतेरा! दुसऱ्या कुणी फाइल बंद करून टाकली असती. पण संशोधकांनी या मुलींना सोडलं नाही. त्यांची लग्नं झाली, सासरची गावं बदलली, तरी त्यांना शोधून दहा-दहा वर्षं तपासलं. आणि दिसलं काय, तर एकच डोस घेतलेल्यांचं संरक्षणही जवळपास तीन डोसांइतकंच: ९५ टक्क्यांच्या वर. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसलाही हिरवा कंदील दाखवला, त्यामागच्या पुराव्यात बार्शीच्या मुलींचा वाटा आहे. सासरी गेलेल्या मुलीला गाठायचं तर तिच्या माहेरच्या फोन नंबराइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

साप अपॉइंटमेंट घेऊन चावत नाही

नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्यात सर्पदंशावरची लस बनवणारी कंपनी आहे, आयसेरा बायोलॉजिकल. नागाच्याच गावात नागाचा उतारा! घोड्यांना थोडं थोडं विष टोचायचं, त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काढून शुद्ध करायची, अशी ही शंभर वर्षं जुनी पद्धत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. कोविडच्या काळात याच कंपनीनं घोड्यांच्याच प्रतिपिंडांपासून कोरोनावरचं औषध करायला घेतलं आणि ते माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं.

सर्पदंशाच्या ट्रायलचं नियोजन मात्र भल्याभल्यांची झोप उडवतं. पेशंट येतो तो पावसाळ्यात, भातलावणीच्या नाहीतर भांगलणीच्या दिवसांत, रात्री दोनला, आधी मांत्रिकाकडं तास घालवून. बेशुद्ध माणसाची संमती कोण देणार? कायदा म्हणतो, जवळचा कायदेशीर प्रतिनिधी. तो आहे मोटारसायकलवरून घेऊन आलेला शेजारी. मग बायकोला फोन, मेहुण्याला फोन. लिहिता-वाचता येत नसेल तर सगळं बोलणं होईपर्यंत एक तटस्थ साक्षीदार समोर हवा. आणि विष तोवर थांबत नाही.

विंचूदंशात हे जमवून दाखवलं सह्याद्रीपल्याड, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी. त्यांची ही ट्रायल २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. एकूण पेशंट फक्त ७०. पस्तिसांना प्राझोसिन हे औषध, पस्तिसांना प्राझोसिन आणि विंचवाची लस. दहा तासांत पूर्ण बरे झाले: लसवाल्यांतले ३२, नुसत्या प्राझोसिनवाल्यांतले ८. फरक एवढा ठसठशीत असेल तर सत्तर माणसं पुरतात. औषधाचा गुण जितका कमी, तितके पेशंट जास्त लागतात. हजारोंची ट्रायल दिसली की समजावं, फरक बारीक आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

कायद्याच्या पोटातल्या गमती

२०१९ सालचे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम वाचायला रूक्ष आहेत, पण अधूनमधून मजा आहे.

एथिक्स कमिटीत किमान सात माणसं हवीत. त्यात डॉक्टर, वकील, निदान एक बाई, आणि ज्याला वैद्यकाचं काही कळत नाही असा एक सामान्य माणूस हे कायद्यानं सक्तीचं. तो आला नाही तर बैठकीचा कोरम होत नाही! एखादे निवृत्त गुरुजी गैरहजर राहिले म्हणून कोट्यवधींची ट्रायल महिनाभर पुढं जाऊ शकते. मला हा नियम मनापासून आवडतो.

हॉस्पिटलला स्वतःची कमिटी नसेल तर दुसरी वापरता येते, पण ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आत हवी. कराड आणि सातारा यांच्यातलं अंतर जवळपास तेवढंच आहे. मिरज आणि जत मात्र कसंही मोजा, बाहेर जातं.

ट्रायलमुळं मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: ८ लाख रुपये, गुणिले वयाचा अंक, गुणिले जोखमीचा अंक, भागिले ९९.३७. हे ९९.३७ आलं कुठून? कामगारांच्या भरपाईच्या जुन्या कायद्यात पासष्टी ओलांडलेल्यांसाठी हाच अंक आहे, म्हणून. जोखमीचा अंक आजाराच्या अखेरच्या टप्प्यातल्या माणसाला ०.५ आणि ठणठणीत माणसाला ४. तेव्हा सगळ्यात मोठी भरपाई निरोगी पोरसवदा माणसाची: साडेत्र्याहत्तर लाखांच्या आसपास.

नव्या रेणूच्या ट्रायलमध्ये दुबळ्या गटातला पेशंट असेल तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. फक्त एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांच्या औषधांना सूट: तिथं नुसता आवाज टिपायचा, चेहरा नाही. सांगली जिल्ह्यानं एचआयव्हीची झळ जवळून पाहिली आहे आणि मिरजेत कुष्ठरोग्यांचं जुनं रुग्णालय आहे. व्हिडिओ बाहेर गेला तर गावात राहणं मुश्कील होतं, हे इथं कुणाला वेगळं सांगायला नको.

कोविडमध्ये घाई कशी जमली

कोविशिल्डची भारतातली ट्रायल २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्याच्या भारती हॉस्पिटलात सुरू झाली आणि ऑक्टोबर संपेपर्यंत १,६०० जण भरतीही झाले. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या टप्प्यात नागपूरचं गिल्लूरकर, बेळगावचं जीवनरेखा आणि गोव्यातलं रेडकर हॉस्पिटल होतं. तिसऱ्या टप्प्यात तर देशभरातून २५,८०० माणसं दोनेक महिन्यांत मिळाली. भीती दाराशी आली की लझान्याचा नियम उलटा फिरतो. पण तेव्हाच प्लाझ्मा थेरपीची ट्रायल ३९ हॉस्पिटलांनी मिळून केली आणि तिला पेशंट मिळाले ४६४. म्हणजे हॉस्पिटलमागं डझनभर. निकालही बेताचाच: प्लाझ्मानं मृत्यू टळले नाहीत. तोवर प्लाझ्मा दात्यांसाठीचे मेसेज फॉरवर्ड करून आपली बोटं झिजली होती.

सही करण्याआधी

भारतात होणारी प्रत्येक औषध-ट्रायल क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, या सरकारी नोंदवहीत असावीच लागते. ही नोंदवही २० जुलै २००७ पासून आहे, १५ जून २००९ पासून सक्तीची आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. वेबसाइट फुकट आहे. ट्रायल कुठल्या गावात, कुठल्या डॉक्टरकडं, कुठल्या कमिटीच्या मंजुरीनं चालू आहे ते तिथं दिसतं.

तेव्हा तुमच्या आईला किंवा सासऱ्यांना कुणी 'नवीन औषध आहे, तपासण्या फुकट होतील' म्हटलं, तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. सीटीआरआयचा नंबर मागा. माहितीपत्रक घरी आणा, रात्री जेवणं झाली की मोठ्यानं वाचा, सुनेला-जावयाला प्रश्न विचारू द्या. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मागून घ्या, ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नंतर कधीही, कारण न सांगता, ट्रायलमधून बाहेर पडता येतं, आणि तसं केलं म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणाला थांबवता येत नाहीत.